बटाट्याचा श्वास

जुहू चौपाटीवर संध्याकाळी गाड्या लागल्या की पावभाजीच्या तव्यामागे बटाट्याची गोणी उभी असते. गिऱ्हाइकाचे तिच्याकडे लक्ष जायचे काही कारण नाही. पण त्या गोणीतला प्रत्येक बटाटा जिवंत असतो. मातीतून काढून कित्येक आठवडे लोटले तरी तो हवेतला ऑक्सिजन घेत राहतो, आतली साखर थोडी थोडी वापरतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. कोंदट जागी रचून ठेवलेल्या बटाट्यांच्या ढिगात ऊब साठते, ती याच श्वासाची. त्याच गोणीपुढून वाळूवर फेऱ्या मारणाऱ्यांच्या मनगटावर घड्याळे असतात. हात उलटा केला तर घड्याळाच्या पोटाशी हिरवा किंवा तांबडा दिवा लुकलुकताना दिसतो. नाडी किती, रक्तात ऑक्सिजन किती, हे ती घड्याळे त्वचेत प्रकाश सोडून अजमावतात.

बटाट्याचा श्वास एकीकडे आणि उजेडाने शरीराच्या आतले वाचणे दुसरीकडे. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला १९३०च्या दशकातल्या केंब्रिजमध्ये जावे लागते. तिथे एक मराठी मुलगी बटाट्याच्या पेशींमध्ये एक रंगीत प्रथिन शोधत होती. तिचे नाव कमला भागवत. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि त्याच नावाने ओळखल्या जातात.

कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. थोरली बहीण दुर्गा, म्हणजे पुढे मराठी वाचकांच्या दुर्गाबाई भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला लोक तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, ते तिच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्यामुळे घरात रसायनशास्त्र कमलाबाईंना नवे नव्हते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पहिल्या आल्या आणि वडील-काकांच्याच संस्थेत संशोधन करायचे म्हणून अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार मुलगी होती.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, त्यांना नोबेल मिळाले होते. त्यांच्या शब्दापुढे देशात कोणी बोलावे, असा तो काळ नव्हता. वडील आणि काका बोलून पाहिले, उपयोग झाला नाही. मग कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि कारण लेखी मागावे तसे समोर उभे राहून मागितले. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस. त्यांनीही तोच मार्ग धरला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही, काम पाहून मग ठरवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल. आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होईल असे वागायचे नाही. या तिसऱ्या अटीत मुलीच्या वागण्यापेक्षा मुलांच्या एकाग्रतेबद्दलची शंकाच जास्त दिसते, पण ते कोणी रामन यांना सांगितल्याचे ऐकिवात नाही.

त्यांना मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवायला हात आखडता न घेणारे. त्यांच्याकडे कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांतली प्रथिने तपासली. भारतासारख्या देशात, जिथे बहुतेकांचे प्रथिन वरण-उसळीतूनच येते, तिथे हा विषय पुस्तकी नव्हता. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले, १९३६ मध्ये कमलाबाईंना विशेष गुणवत्तेसह एम.एस्सी. मिळाली आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. पुढे काही वर्षांनी अ‍ॅना मणी यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञ खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम करताना दिसतात. तरीही तो अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. रामन मोठे शास्त्रज्ञ होते पण मनाने कोते होते, हे त्यांनी म्हातारपणीही जाहीरपणे सांगितले.

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोचल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चे नोबेल त्यांना मिळाले होते. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा वापरायला दिले. रात्री तो त्याच टेबलावर झोपत असे, अशी आठवण सांगतात. रिक्टर यांच्याबरोबर कमलाबाईंनी प्राण्यांच्या शरीरातल्या फिनोलेज या एन्झाइमवर काम केले. फिनोलेज आपल्याला नावाने नसले तरी रंगाने ठाऊक आहे. चिरलेला बटाटा उघडा ठेवला की काळपट पडतो, ते वनस्पतींमधल्या याच जातीच्या एन्झाइमचे काम. पुढे रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींचे जाणकार होते आणि वर्णपटदर्शक, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप, हाताळण्यात मुरलेले.

त्याच गावात, बारा-तेरा वर्षांपूर्वी, डेव्हिड केलिन नावाच्या संशोधकाने एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. केलिन किड्यांचे अभ्यासक. कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंमधून प्रकाश जाऊ देऊन ते वर्णपट पाहत. इंद्रधनुष्यासारख्या त्या पट्ट्यात काही ठरावीक जागी काळ्या रेषा दिसत, म्हणजे तेवढा रंग स्नायूतले कोणते तरी द्रव्य गिळत होते. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या किड्याचा जिवंत पतंग त्यांनी काचेवर बसवला. पतंग शांत असला की रेषा फिकट. सुटण्यासाठी तो धडपडू लागला, स्नायू राबू लागले, की रेषा गडद. बेकरीतल्या यीस्टच्या दाट पाण्यातही तेच. हवेबरोबर घुसळले की रेषा गायब, स्वस्थ ठेवले की थोड्या वेळात परत हजर. ऑक्सिजन मिळाला की ते द्रव्य एका रूपात जाते, ऑक्सिजन संपला की दुसऱ्या, आणि दोन्ही रूपांचा रंग वेगळा. केलिन यांनी १९२५ मध्ये त्याला सायटोक्रोम हे नाव दिले, म्हणजे पेशीचा रंग. खरे तर मॅकमन नावाच्या एका डॉक्टरने हे द्रव्य १८८०च्या दशकातच पाहिले होते, पण त्या काळच्या एका बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला उडवून लावले आणि विषय चाळीस वर्षे पडून राहिला.

जिवंत प्राण्याला न कापता त्याच्या पेशींचा श्वास डोळ्यांनी पाहण्याचा हा प्रकार होता. आज तंतुकणिकांचे, म्हणजे मायटोकाँड्रियांचे काम जिवंत शरीरात मोजणारी जी उपकरणे आहेत, त्यांचे मूळ त्या पतंगाच्या छातीत आहे.

पेशीच्या आतल्या या बारीक कणिकांमध्ये अन्नातली ऊर्जा मोकळी होते, हे आता शाळेतही शिकवतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून हातोहात पुढे जातात. त्या साखळीत सायटोक्रोम आहेत. सायटोक्रोम सी हा निरोप्या; तो इलेक्ट्रॉन आणून शेवटच्या एन्झाइमच्या, सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या, हवाली करतो. तिथे ऑक्सिजन ते स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. आपण नाकाने घेतलेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन शेवटी इथे येऊन खर्ची पडतो. सायनाइडने माणूस मरतो तो हा शेवटचा टप्पा बंद पडल्यामुळे.

१९३८ मध्ये मात्र इतके चित्र स्पष्ट नव्हते. ही साखळी तंतुकणिकांमध्ये आहे, हेदेखील पक्के व्हायला आणखी दहा वर्षे जायची होती. प्राण्यांमध्ये आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम आहेत हे मान्य झाले होते. फुलझाडे आणि भाज्यांचे काय? बटाट्यासारखी गोष्ट जो ऑक्सिजन घेते तो त्याच वाटेने खर्च होतो, की बटाटा काळा करणारे ते दुसरे एन्झाइमच वनस्पतींच्या श्वासाचे काम करते, यावर वाद होता. संशय घ्यायला जागाही होती. बटाटा वाटला की तो डोळ्यांदेखत ऑक्सिजन घेऊन काळा पडतो. शिवाय वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम अगदी थोडे, आणि पानांमध्ये तर हरितद्रव्याचा रंग बाकी सगळे झाकून टाकतो. बटाटा निदान हिरवा नसतो.

कमलाबाईंनी त्या बटाट्यात सायटोक्रोम सी दाखवून दिले आणि हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम ऑक्सिडेजही असल्याचे सिद्ध केले. १९३९ मध्ये हिल आणि भागवत या नावांनी ‘नेचर’मध्ये छोटे टिपण आले. घोड्याचे हृदय, यीस्टची पेशी आणि बटाटा एकाच यंत्राने श्वास घेतात, असा त्याचा सरळ अर्थ. प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता, असे सांगतात. केंब्रिजला पोचून दोन वर्षे व्हायच्या आत पीएच.डी. हाती आली. विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. बहुतेक जण पहिल्याच म्हणतात.

या शोधाचे पुढे काय झाले, हे आजच्या वाचकाला जास्त जवळचे आहे. करोनाच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरांत आला. तो तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजन घेऊन निघाले आहे ते सांगतो. मुंबईच्या भाषेत सांगायचे तर डबा निघाला आणि पोचला, एवढी खबर तो देतो. ज्याच्यासाठी डबा आला त्याने तो खाल्ला का, हे त्याला कळत नाही. सायनाइडची विषबाधा झालेल्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पेशींना तो वापरता येत नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरून अवयव निकामी होऊ लागतात, त्या सेप्सिसमध्येही काही रुग्णांच्या तंतुकणिका अशाच बिघडलेल्या आढळतात. अतिदक्षता विभागात पडद्यावर ९८ आकडा दिसत असतो आणि रुग्ण खालावत असतो. डॉक्टर मग रक्तातले लॅक्टेट पाहतात. ते उपयोगी आहे, पण सगळ्या शरीराची गोळाबेरीज सांगते, आणि बऱ्याचदा उशिरा. नेमक्या हृदयाच्या किंवा मेंदूच्या पेशी आता, या क्षणी ऑक्सिजन वापरताहेत का, हे कळायला केलिन यांच्या पतंगाकडेच परत जावे लागते.

अमेरिकेत ब्रिटन चान्स यांनी तेच केले. हा गृहस्थ १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होडीच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवून आला होता आणि बाकी वेळ तंतुकणिकांवर प्रकाश टाकत होता. श्वसनाच्या साखळीला इलेक्ट्रॉन पुरवणारा एनएडीएच हा रेणू अतिनील किरणांत निळसर चमकतो. इलेक्ट्रॉन देऊन टाकले की चमक जाते. ऑक्सिजन कमी पडला, साखळी तुंबली, की चमक वाढते. १९६२ मध्ये चान्स आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांच्या मेंदू आणि मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावर ही वाढ-घट मोजून दाखवली. १९७७ मध्ये त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने, फ्रान्स यॉब्सिस यांनी, अवरक्त प्रकाश कवटीतून पार जातो आणि मेंदूतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजची स्थिती त्यावरून वाचता येईल, असे दाखवले. जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळांच्या मेंदूसाठी त्या पद्धतीवर अजून काम चालू आहे. अडचण हिमोग्लोबिनचीच. तेही लोहाचे, तेही रंगीत आणि सायटोक्रोमपेक्षा कितीतरी जास्त; बाजारातल्या गोंगाटात एकाची कुजबूज ऐकावी तसे ते होते.

या गोंगाटावरचा एक उपाय २०१७ मध्ये बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांनी प्राण्यांच्या धडधडत्या हृदयावर लेझरचा प्रकाश टाकला आणि परत विखुरलेल्या प्रकाशात रंगाचा जो सूक्ष्म फरक पडतो तो मोजला. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून हा फरकही प्रत्येकाचा वेगळा. सायटोक्रोमचा वेगळा, हिमोग्लोबिनचा वेगळा. तंतुकणिकांतले किती सायटोक्रोम इलेक्ट्रॉन घेऊन अडकून पडले आहेत, याचा आकडा त्यातून मिळतो. तो चढू लागला की हृदय बंद पडण्याची सूचना आधीच मिळते. जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रियेत लहान मुलांसाठी याचा उपयोग व्हावा, हा त्यांचा उद्देश. अशी यंत्रे अजून मुख्यतः संशोधनातच आहेत, तुमच्या-आमच्या रुग्णालयातल्या खाटेशेजारी ती दिसणार नाहीत. विखुरलेल्या प्रकाशाच्या या गुणाला नाव आहे रामन परिणाम. १९२८ मध्ये कलकत्त्यात तो ज्यांनी शोधला, त्यांनीच पाच वर्षांनी बंगळूरला कमला भागवतांचा अर्ज परत पाठवला होता.

कमलाबाई स्वतः या वाटेने पुढे गेल्या नाहीत. १९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी सांभाळला, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. हिल यांच्याबरोबरचे वनस्पतींच्या ऑक्सिडेजवरचे सविस्तर काम छापून आले ते थेट १९५१ मध्ये. मधल्या काळात महायुद्ध झाले होते, देश स्वतंत्र झाला होता, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईत आल्या होत्या. सोहोनी विमागणिताचे तज्ज्ञ.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत, जिला तेव्हा रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणत, कमलाबाई जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, आणि पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. कच्च्या वालात आणि डबल बीमध्ये काही प्रथिने अशी असतात, की ती आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवून धरतात. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती शुद्ध स्फटिकरूपात वेगळी केली. तेही १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. ही प्रथिने उष्णतेने बरीचशी निकामी होतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवून बिरडे करणाऱ्या बायकांना यातले रसायन माहीत नव्हते, पण रीत बरोबर होती.

दुसरे मोठे काम नीरेचे. जुहूपासून वर्सोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर एकेकाळी ताडामाडांच्या वाड्या होत्या. भंडारी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय त्या झाडांवर होता. झाडाचा गोड रस सूर्य उगवण्याआधी उतरवून लगेच प्यायला तर ती नीरा. उन्हे चढली की हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टच्या हाती ती पडते, साखरेची दारू होऊ लागते आणि नीरेची ताडी होते. हे यीस्ट म्हणजे केलिन यांचेच. साखर भरपूर आणि हवा तोकडी असली की ते सायटोक्रोमची वाट सोडते आणि आंबवण्याची धरते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतल्या पोषकद्रव्यांची तपासणी सुरू केली. नीरेत आणि ताडगुळात जीवनसत्त्वे आणि लोह आढळले, आणि कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रियांच्या आहारात त्याची भर घातल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचे त्यांनी नोंदवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. गोरेगावच्या आरे दूध प्रकल्पालाही त्या दुधाच्या प्रतीबाबत सल्ला देत.

संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला हवे होते त्यापेक्षा बरेच उशिरा आले. बंगळूरला दार लावले ते उघडपणे तरी लावले होते. इथे चार वर्षे कोणी नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही.

निवृत्तीनंतर त्या कन्झ्यूमर गायडन्स सोसायटीत रमल्या. १९६६ मध्ये मुंबईतल्या नऊ महिलांनी सुरू केलेली ही ग्राहकांची संस्था. तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात कमलाबाई लिहीत आणि भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे साध्या चाचण्यांनी शिकवत. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. केंब्रिजची पदवी घेऊन आलेली बाई तिखटात विटकरीची पूड आहे का, ते ग्लासभर पाण्यात तिखट टाकून, तळाशी काय बसते ते पाहायला सांगे.

१९९८ च्या जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला.  त्या कार्यक्रमातच कमलाबाई कोसळल्या आणि २८ जूनला त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई त्यांच्यानंतर चार वर्षांनी, २००२ मध्ये, गेल्या.